भारतीय पासपोर्टवर दोघांची वर्षभराची जगप्रदक्षिणा: आधी काय, नंतर काय

वर्षभर जग फिरायचं ठरवणारी जोडपी बहुतेक वेळा पैशापायी अडत नाहीत, क्रम चुकल्यामुळे अडतात. उत्साहाच्या भरात राजीनामा दिला जातो, मग स्वस्त दिसलं म्हणून तिकीट काढलं जातं आणि व्हिसाचा विचार सगळ्यात शेवटी होतो. त्यात इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले युरोप-अमेरिकेच्या पासपोर्टवाल्यांनी लिहिलेले असतात. 'निघा, पुढचं वाटेत बघता येईल' हे त्यांना परवडतं. आपल्याला वाटेत नवा व्हिसा मिळवणं फार अवघड जातं, कारण अनेक देश पर्यटक व्हिसाचा अर्ज फक्त अर्जदाराच्या राहत्या देशातच घेतात. पेरूच्या लिमात बसून शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज करता येईल या भरवशावर निघालात, तर प्रवास तिथेच संपेल.

म्हणून खालची सगळी आखणी व्हिसाभोवती केलेली आहे. उदाहरणासाठी धरलेला प्रवास असा: गणपती विसर्जन झाल्यावर, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईहून निघायचं आणि पुढच्या ऑगस्टच्या अखेरीस परत यायचं. तयारी पंधरा महिने आधी सुरू करायची. बारा महिन्यांत जमवणारे आहेत, पण मग अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळेल की नाही यावर सगळं लोंबकळत राहतं.

टप्पा १: पासपोर्ट आणि नावं (१५ महिने आधी)

पासपोर्टला अजून दोन वर्षं आहेत म्हणून लोक निर्धास्त असतात. पण बरेच देश प्रवेशाच्या दिवशी सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, आणि तुमचा शेवटचा प्रवेश निघाल्यापासून अकराव्या महिन्यात असणार आहे. निघताना दोघांच्याही पासपोर्टची किमान दीड वर्षाची मुदत शिल्लक हवी. नसेल तर आत्ताच नवा काढा, आणि ३६ ऐवजी ६० पानांचा मागा. फी १५०० ऐवजी २००० रुपये लागते, पण प्रवासात पानं संपली तर परक्या शहरात दूतावासाच्या रांगेत आठवडे जातात.

नवा पासपोर्ट सगळ्यात आधी काढायचं दुसरं कारण असं की व्हिसा, यलो फीवरचं कार्ड आणि विमा या सगळ्यांवर पासपोर्ट क्रमांक असतो. तो मागाहून बदलला की प्रत्येक कागदाचा खुलासा करत बसावं लागतं.

आता नावं. इथे मराठी जोडप्यांची गफलत हमखास होते. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि पासपोर्टमध्ये ते वेगळ्या रकान्यात नसतं, 'दिलेलं नाव' या रकान्यात पहिल्या नावाला जोडून छापलेलं असतं. लग्नानंतर बायकोच्या आधारवर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, बँकेत तिसरंच काहीतरी, अशी स्थिती असते. लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही, त्यामुळे माहेरच्या नावाचा पासपोर्ट तसाच ठेवायला काही हरकत नाही. मात्र बँक खातं, पॅन, विमा आणि तिकीट या चारही ठिकाणी पासपोर्टवरचंच नाव असलं पाहिजे.

• विवाह नोंदणी प्रमाणपत्र नसेल तर महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आता काढा. ते फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून ठेवा. दोघांची आडनावं वेगळी असतील तर 'हे दोघं नवराबायको आहेत' हे सांगणारा हा एकच कागद असतो.

• पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर दुरुस्ती करून घ्या. एकाच नावाच्या पासपोर्टवर भेटीसाठी प्रवेश द्यायचं संयुक्त अरब अमिरातीने २०२२ मध्ये थांबवलं.

तपासणी: दोन्ही पासपोर्ट, दोन्ही पॅनकार्डं आणि विवाह प्रमाणपत्र टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येक अक्षर जुळवा. 'श्री'चं स्पेलिंग एका ठिकाणी एक आणि दुसरीकडे दुसरं असेल, तर ते आता दुरुस्त करायचं.

टप्पा २: दिशा ठरवा, आणि ती पश्चिम असू द्या

जगप्रदक्षिणा पूर्वेकडून करावी की पश्चिमेकडून, हा प्रश्न बहुतेक जण तिकिटाच्या दरावर सोडवतात. भारतीय पासपोर्टवर तो व्हिसाच्या मुदतीवर सोडवायचा. शेंगेनचा अर्ज प्रवेशाच्या तारखेआधी जास्तीत जास्त सहा महिने करता येतो. पूर्वेकडून निघालात तर युरोप नवव्या-दहाव्या महिन्यात येतो, म्हणजे भारतात असताना त्याचा अर्जच करता येत नाही. पश्चिमेकडून निघालात तर युरोप पहिल्या तीन महिन्यांत उरकतो. अवघड व्हिसाचे देश, कागद ताजे आणि खात्यात पैसे असताना होऊन जातात. शेवटी येतो तो आग्नेय आशिया. तिथे ई-व्हिसा, आगमनावरचा व्हिसा किंवा व्हिसामाफी असते, राहणं-खाणंही स्वस्त पडतं. दहाव्या महिन्यातल्या थकलेल्या शरीराला आणि हलक्या झालेल्या खात्याला हेच मानवतं. शिवाय पश्चिमेकडे जाताना दिवस मोठा होतो, त्यामुळे झोपेचं घड्याळ लवकर जुळतं.

जपानचा मोह सोडावा लागेल. एका प्रवेशाचा जपानी व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरावा लागतो आणि या मार्गावर जपान आठव्या-नवव्या महिन्यात येतो. जपानसाठी पुढे कधीतरी वेगळे पंधरा दिवस काढणं शहाणपणाचं.

ऋतू जुळवून मार्ग असा बसतो:

१. जॉर्जिया, सप्टेंबरअखेर ते २३ ऑक्टोबर, सुमारे २५ दिवस.
२. शेंगेन देश, शक्यतो दक्षिण युरोप, ४५ दिवस. उन्हाळी गर्दी ओसरलेली असते आणि खोल्यांचे दर उतरलेले असतात.
३. मेक्सिको, कोलंबिया, पेरू, १५० दिवस. कॅरिबियनमधला चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेर संपतो, म्हणून मेक्सिको डिसेंबरात. कोलंबिया फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत. पेरूच्या डोंगरात जानेवारी-फेब्रुवारीत धो धो पाऊस असतो आणि माचू पिक्चूला जाणारी 'इंका ट्रेल' ही पायवाट अख्खा फेब्रुवारी बंद असते, म्हणून पेरू एप्रिलमध्ये.
४. अमेरिकेचा पश्चिम किनारा, मे महिन्यात १५ दिवस. प्रशांत महासागर ओलांडण्याआधीचा थांबा.
५. इंडोनेशिया, मलेशिया, मध्य व्हिएतनाम, मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत ९५ दिवस. बालीत तेव्हा कोरडा हंगाम असतो, आणि दा नांग-हुएकडे पावसाची झोड सप्टेंबरनंतर सुरू होते.

देशांची यादी दहाच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येक जादा देश म्हणजे दोन विमानप्रवास, एक नवं सिमकार्ड, नवं चलन आणि पहिल्या तीन दिवसांचा वाढीव खर्च. एका शहरात चार आठवडे राहिलात तर घरमालक महिन्याचा दर लावतात आणि स्वयंपाकघरही वापरता येतं. बजेट खऱ्या अर्थाने तिथे सांभाळलं जातं.

टप्पा ३: अमेरिकेचा व्हिसा (१३ महिने आधी)

अमेरिकेत फक्त पंधरा दिवस राहायचं असलं तरी या मार्गाचा कणा हाच व्हिसा आहे. बी१/बी२, म्हणजे पर्यटन आणि कामाच्या भेटींचा, व्हिसा भारतीयांना सहसा दहा वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळतो, आणि त्याच्या बळावर पुढचे चार दरवाजे उघडतात: जॉर्जियात १८० पैकी ९० दिवस, मेक्सिकोत जास्तीत जास्त १८० दिवस, शिवाय कोलंबिया आणि पेरू. या चारही देशांसाठी मग वेगळा व्हिसा लागत नाही.

इथली नेहमीची चूक अशी: 'शेंगेन व्हिसावरही कोलंबिया आणि पेरू चालतं' हे कुठेतरी वाचलेलं असतं. ते खरं आहे, पण दोन्ही देश त्या व्हिसाची सुमारे सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. पहिल्यांदा मिळणारा शेंगेन व्हिसा जेमतेम प्रवासाच्या दिवसांपुरता असतो. त्यामुळे कागदावर शक्य असलेलं विमानतळावर अशक्य ठरतं.

• प्रत्येकाचा डीएस-१६० अर्ज वेगळा भरायचा, मुलाखतीची वेळ मात्र दोघांनी एकत्र घ्यायची. फी प्रत्येकी १८५ डॉलर.

• मुलाखतीच्या तारखा महिनोन्‌महिने पुढच्या मिळतात. आधी मिळेल ती तारीख धरून ठेवा, मग रोज पोर्टल बघून जवळची मिळाली तर बदला. किती वेळा बदलता येते याला मर्यादा असते, म्हणून आठवड्याभराच्या फरकासाठी बदल वाया घालवू नका.

• सप्टेंबर २०२५ पासून अर्ज स्वतःच्या देशातून किंवा कायदेशीर वास्तव्याच्या देशातूनच करायचा असा नियम आहे. दुसऱ्या देशात जाऊन लवकर तारीख मिळवण्याची जुनी वाट त्यामुळे बंद झाली.

• वर्षभराचा प्रवास लपवू नका. रजेचं पत्र, घराचे कागद आणि प्रवासाचा एक पानी आराखडा दोघांच्याही हातात असू द्या. दोघांची उत्तरं जुळली पाहिजेत. एकाने 'पंधरा दिवस' आणि दुसऱ्याने 'महिनाभर' सांगितलं तर शंका येणारच.

व्हिसा नाकारला गेला तर? मग मार्ग बदला. ब्रिटन किंवा कॅनडाचा व्हिसा घेऊन मेक्सिको आणि पेरू ठेवता येतात, कोलंबिया गळतो. अमेरिकेच्या विमानतळांवर बाहेर न पडता विमान बदलायची सोयच नाही, त्यामुळे व्हिसा नसेल तर लॉस एंजेलिस किंवा मायामीवरून जाणारं कुठलंही तिकीट चालणार नाही.

इशारा: हा निकाल हातात येईपर्यंत राजीनामा नाही, तिकीट नाही, घर भाड्याने देणं नाही.

टप्पा ४: पैशाचा हिशोब (१२ महिने आधी)

दोघांचा रोजचा खर्च, म्हणजे साधी खोली, एक वेळचं बाहेरचं जेवण, एक वेळचं घरी केलेलं आणि स्थानिक बस-मेट्रो, असा धरा:

• जॉर्जिया: ५,५०० रुपये × २५ दिवस = १,३७,५००
• शेंगेन: १२,००० × ४५ = ५,४०,०००
• मेक्सिको, कोलंबिया, पेरू: ६,५०० × १५० = ९,७५,०००
• अमेरिका: १७,००० × १५ = २,५५,०००
• आग्नेय आशिया: ४,५०० × ९५ = ४,२७,५००

बेरीज २३ लाख ३५ हजार. दोघांच्या विमानांना ६ लाख, व्हिसा-विमा-लसी-सामानाला ३ लाख. झाले ३२ लाख ३५ हजार, आणि त्यावर दहा टक्के वाढावा धरला की साडेपस्तीस लाखांपर्यंत आकडा जातो. हा आकडा जड वाटत असेल तर खोलीचा दर्जा उतरवू नका, दिवस हलवा. युरोपातले २० दिवस व्हिएतनामला दिले तर दीड लाख रुपये वाचतात. अमेरिकेतले पंधरा दिवस पाचावर आणले तर आणखी पावणेदोन लाखांच्या जवळ.

याशिवाय दोन लाख रुपये वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते नाहीतच असं समजा. घरून आईवडिलांच्या तब्येतीचा फोन आला तर जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून दुसऱ्या दिवशीची दोन तिकिटं काढण्यासाठी ते आहेत. कोणत्या परिस्थितीत दोघांनी परतायचं आणि कोणत्या परिस्थितीत एकाने, हेही निघण्याआधी बोलून ठेवा. रात्री दोन वाजता परक्या देशात हा निर्णय नीट होत नाही.

परदेशी पैसे पाठवण्याची किंवा खर्च करण्याची मर्यादा प्रत्येकी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे, तिची काळजी नको. लक्ष ठेवायचं ते टीसीएसवर, म्हणजे पैसे बाहेर नेतानाच बँक कापून घेते त्या करावर. एप्रिल २०२५ पासून एका व्यक्तीने आर्थिक वर्षात दहा लाखांवर रक्कम बाहेर नेली, तर त्यावरच्या रकमेवर बँक २० टक्के कापते. विवरणपत्र भरताना ही रक्कम वळती होते, पण तोवर ती अडकून राहते. सप्टेंबरात निघाल्याने तुमचा खर्च दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो, आणि दोघांनी आपापल्या पॅनवर निम्मा निम्मा नेला तर कोणाचीच मर्यादा ओलांडली जात नाही. सगळे पैसे नवऱ्याच्या खात्यातून नेणारी जोडपी इथे विनाकारण लाख-दीड लाख अडकवून बसतात.

टप्पा ५: लसी (६ ते ८ महिने आधी)

लसी शेवटच्या महिन्यात उरकत नाहीत. हिपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिने असे असतात, हिपॅटायटिस एचा दुसरा डोस सहा महिन्यांनी. टायफॉइड आणि धनुर्वाताचं बघून घ्या. रेबीजची आगाऊ लस घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. बालीतल्या माकडांच्या देवळात ओरखडे निघणं रोजचंच आहे, आणि आगाऊ लस घेतलेल्या माणसाला इम्युनोग्लोब्युलिनचं महागडं, दुर्मीळ इंजेक्शन लागत नाही. नंतरचे डोस मात्र तरीही घ्यावेच लागतात.

यलो फीवरची लस वगळू नका. कोलंबिया आणि पेरूतून पुढे जाताना अनेक देश तिचं पिवळं कार्ड मागतात. लागण असलेल्या देशातून सहा दिवसांच्या आत कार्डाशिवाय भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवतात. लस फक्त सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रांवर, मूळ पासपोर्ट दाखवून मिळते. ठरावीक वार असतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. कार्ड दहाव्या दिवसानंतर लागू होतं, मग आयुष्यभर चालतं.

टप्पा ६: शेंगेन (मे ते जुलै)

२३ ऑक्टोबरला प्रवेश करायचा असेल तर २३ एप्रिलच्या आधी अर्ज घेतला जात नाही. मे महिन्यात उन्हाळी पर्यटकांची झुंबड असते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातली वेळ घ्या. अर्ज त्या देशाकडे, जिथे सर्वात जास्त रात्री राहणार आहात. सगळीकडे सारख्याच रात्री असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्या देशाकडे. 'अमुक देश लवकर देतो' म्हणून तिथे अर्ज करून दुसरीकडेच राहणं हे नकाराला आमंत्रण आहे.

पासपोर्ट एका वेळी एकाच दारात असतो. तो दोन ते चार आठवडे अडकेल असं धरून यलो फीवरची लस, बँकेची कामं आणि दुसरे अर्ज त्याच्या आधी किंवा नंतर लावा.

फाइलमध्ये घालायचं ते असं: सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, गेल्या तीन वर्षांची विवरणपत्रं, नोकरीचं पत्र आणि मंजूर रजेचं पत्र, ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा, राहण्याचं आरक्षण, आणि युरोपातून मेक्सिकोला जाण्याचं आरक्षण. तुम्ही युरोपातून भारतात परतत नाही आहात, हे अधिकाऱ्याच्या डोळ्यांत खुपणार. म्हणून आवरणपत्रात (कव्हर लेटरमध्ये) पहिल्याच परिच्छेदात सरळ लिहा: अमुक तारखेला शेंगेनबाहेर पडतो, पुढे मेक्सिकोला जातो, तिथला प्रवेश सोबत जोडलेल्या अमेरिकी व्हिसावर आहे, आणि ऑगस्टमध्ये मुंबईत परततो.

म्हणूनच नोकरी सोडायची असेल तरी हा अर्ज नोकरीत असताना, आणि शक्य असेल तर बिनपगारी रजा मंजूर करून करायचा. रजा नसेल तर घर, शेती, मुदत ठेवी, आईवडिलांची जबाबदारी हे सगळं कागदांनिशी दाखवा. खोटं पत्र जोडू नका. पकडलं गेलं की पुढच्या सगळ्या अर्जांवर त्याची सावली पडते.

इशारा: अर्जाच्या दोन आठवडे आधी नातेवाइकाकडून पाच लाख आणून खात्यात टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. स्टेटमेंट वाचणाऱ्याला ती रक्कम पहिल्या नजरेत दिसते.

व्हिसा हातात आला की काउंटरवरच स्टिकर वाचा. तीन ओळी महत्त्वाच्या: कधीपासून कधीपर्यंत, किती प्रवेश, आणि मुक्कामाचे दिवस. लोक पहिली ओळ बघतात आणि शेवटची सोडून देतात. मुदत दोन महिन्यांची पण मुक्काम ४५ दिवसांचा, असं बऱ्याचदा असतं. प्रवेशाचा आणि निघायचा, दोन्ही दिवस मोजले जातात. प्रवेशाच्या ओळीत '०१' असेल तर मधेच सर्बियाला जाऊन परत शेंगेनमध्ये येता येणार नाही. क्रोएशिया २०२३ पासून, आणि रुमानिया-बल्गेरिया २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहेत, हेही लक्षात असू द्या. जुने लेख वाचून तिथे 'दिवस वाचवायला' जाणारे अजून सापडतात.

टप्पा ७: तिकिटं (व्हिसा आल्यावर)

विमान कंपन्यांच्या युतीचं एकत्रित जगप्रदक्षिणेचं तिकीट बघून घ्या. वनवर्ल्ड एक्सप्लोररमध्ये सोळापर्यंत टप्पे आणि वर्षभराची मुदत मिळते, तारखाही हलवता येतात. लांब पल्ल्याची आठ-दहा उड्डाणं असतील तर ते परवडू शकतं. वरच्या मार्गासाठी सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात आणि मोकळीकही राहते.

निघण्याआधी फक्त तीन तिकिटं पक्की करा: मुंबई ते तिबिलिसी (जॉर्जियाची राजधानी), तिबिलिसी ते युरोप, युरोप ते मेक्सिको. पुढची दर वेळी सहा-आठ आठवडे आधी. मात्र प्रत्येक प्रवेशाच्या वेळी त्या देशातून बाहेर पडायचं तिकीट हातात हवं. हे तिकीट बहुतेकदा इमिग्रेशनच्या आधी विमान कंपनीच्या काउंटरवरच मागतात आणि नसेल तर बोर्डिंग पास देत नाहीत. जॉर्जियाच्या सीमेवर कागद बारकाईने बघतात. तिथे हॉटेल, विमा, पुढचं तिकीट आणि खात्यातली शिल्लक यांच्या छापील प्रती ठेवा, मोबाइलवर विसंबू नका.

इशारा: मेक्सिकोहून कोलंबियाला जाताना सान साल्वादोरवरून जाणारं तिकीट बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त दिसतं. ऑक्टोबर २०२३ पासून एल साल्वादोरने भारतीय पासपोर्टवाल्यांना, नुसतं विमान बदलण्यासाठीही, करासह १,१३० डॉलर शुल्क लावलं. दोघांचे दोन लाखांच्या आसपास जातात. थेट किंवा पनामावरून जाणारं बघा, आणि पनामात विमानतळाबाहेर पडावं लागणार नाही याची खात्री करा.

टप्पा ८: विमा

'अॅन्युअल मल्टी-ट्रिप' हे नाव बघून वर्षभराचा विमा घेतल्याचं समाधान मानू नका. त्यात वर्षभरात कितीही सफरी चालतात, पण एका सफरीला ३०, ४५ किंवा ६० दिवसांची मर्यादा असते. तुमची सफर एकच, अकरा महिन्यांची. तुम्हाला लागतो तो एका लांब सफरीचा विमा. अनेक पॉलिसी १८० दिवसांवर थांबतात, म्हणून ३६५ दिवसांपर्यंत वाढवता येते का, आणि ती वाढ परदेशातून करता येते का, हे लेखी घ्या. विमा भारतात असतानाच सुरू झाला पाहिजे.

दुचाकीचं कलम वेगळं वाचा. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून मिळतो, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. तुमच्या मूळ परवान्यावर दुचाकी नसेल तर तो बालीत स्कूटरला लागू होत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा फेटाळते.

टप्पा ९: बँक, ओटीपी आणि घर (शेवटचे दोन महिने)

प्रवासात जोडप्यांची गाडी सर्वात जास्त अडते ती ओटीपीवर. दोघांची सगळी कार्डं एकाच मोबाइल क्रमांकावर, तो फोन बार्सिलोनाच्या मेट्रोत गेला, की दोघंही एका क्षणात कंगाल.

• प्रत्येकाचं स्वतःचं खातं, स्वतःचा क्रमांक, स्वतःचं कार्ड. दोन वेगळ्या बँका, एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड. शिवाय एक संयुक्त खातं.

• भारतीय सिम जुन्या, साध्या फोनमध्ये घालून तो बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवा. आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच सुरू करा. वर्षभराचा रिचार्ज मारा.

• कार्डांवरचा परदेशी वापर मुळात बंद असतो. अॅपमधून ऑनलाइन, दुकान आणि एटीएम हे तिन्ही पर्याय चालू करा. कार्डाची मुदत परतीच्या तारखेनंतरची आहे ना, ते पाहा.

• एटीएमवर 'रुपयांत आकारू का?' असा पर्याय आला की नाही म्हणा. नेहमी स्थानिक चलन निवडा, रुपयांचा दर कायम महाग असतो.

• नोटा जास्तीत जास्त ३,००० डॉलर प्रत्येकी नेता येतात. दोघांत मिळून ८०० डॉलर पुरतात, २० आणि ५०च्या कोऱ्या नोटांत.

तपासणी: निघण्याच्या महिनाभर आधी दोघांनी आपापल्या कार्डावरून एखाद्या परदेशी संकेतस्थळावर छोटी खरेदी करून बघा. ओटीपी येतो का, तोही ज्याच्या त्याच्या फोनवर, ते तपासा.

घर भाड्याने देणार असाल तर अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवा, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या, सोसायटीला कळवा. विश्वासातल्या एका व्यक्तीच्या नावे विशेष मुखत्यारपत्र करा, त्यात नेमकी कामं लिहा: भाडं घेणं, सोसायटीची देणी भरणं, बँकेत अर्ज देणं. सरसकट सगळे अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र नको. विवरणपत्र प्रवासातच भरावं लागेल, म्हणून सीएला लागणारे कागद आधीच स्कॅन करून द्या.

टप्पा १०: सामान

प्रत्येकी ४० लिटरची एक पाठपिशवी, वजन ७ किलोच्या आत. सहा दिवसांचे कपडे, बाकी वाटेत धुवायचे. पॉवरबँक १०० वॅट-अवरपर्यंतची आणि हाताच्या सामानातच. औषधांचं प्रिस्क्रिप्शन मूळ घटकाच्या नावासह.

मेतकूट, गोडा मसाला आणि थालीपिठाची भाजणी प्रत्येकी पाव किलो न्यायला हरकत नाही, भाजलेलं पीठ महिनाभर उत्तम टिकतं. पण ते युरोपातच संपवा. मेक्सिकोपासून पुढे कडधान्यं, बिया आणि सुटे मसाले यांबाबत सीमाशुल्कवाले कडक आहेत. काही खाण्याचं सोबत असेल तर अर्जावर 'आहे' असं लिहा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो.

टप्पा ११: वाटेत, दर महिन्याला

प्रवेशाचा शिक्का मिळाला की काउंटर सोडण्याआधी वाचा. मेक्सिकोत अधिकारी १८० पेक्षा कमी दिवसही देऊ शकतो, आणि दिलेला आकडाच खरा. शेवटची तारीख दोघांच्याही फोनमध्ये दहा दिवस आधीच्या आठवणीसह टाका. इंडोनेशियात आगमनावरचा व्हिसा ३० दिवसांचा, पाच लाख रुपयांचा नव्हे तर पाच लाख रुपियाचा, आणि एकदाच ३० दिवसांनी वाढतो. मुदत उलटली की प्रत्येकी दर दिवशी दहा लाख रुपिया दंड. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, एका प्रवेशाला २५ डॉलर. त्याच्या अर्जात पासपोर्टवरचं संपूर्ण दिलेलं नाव, मधल्या नावासकट, टाका. नाव अर्धवट असलेला ई-व्हिसा काउंटरवर चालत नाही.

उंचीचं वेळापत्रक सांभाळा. लिमाहून विमानाने थेट कुस्कोला उतरलात तर समुद्रसपाटीवरून तासाभरात ३,४०० मीटरवर पोचता, आणि पहिले दोन दिवस डोकेदुखी-उलट्यांत जातात. उतरल्याबरोबर खाली सेक्रेड व्हॅलीत जा, तिथलं ओयांतायतांबो गाव २,८०० मीटरच्या आसपास आहे. तिथे दोन-तीन रात्री काढून मग कुस्को.

दर रविवारी दोघांनी बसून आठवड्याचा खर्च देशाच्या रोजच्या आकड्याशी ताडून बघा. सलग तीन आठवडे तो त्या आकड्यापेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त वर गेला तर पुढचा देश वगळायचा की दिवस कमी करायचे, ते तेव्हाच ठरवा. आठवड्यातला एक दिवस दोघांनी वेगवेगळं फिरायचं, हेही वेळापत्रकातच लिहा. अकरा महिने चोवीस तास एकत्र राहणं ही लग्नातली नेहमीची स्थिती नाही, आणि ही मोकळीक भांडण झाल्यावर मागितली की ती शिक्षा वाटते.

परतीच्या आधी कार्डांची परदेशी वापराची बटणं बंद करा, बँकेकडून दोघांची टीसीएस प्रमाणपत्रं मागवा, आणि पिवळं कार्ड हाताशी ठेवून मुंबईत उतरा. दोन्ही पासपोर्ट, त्यांवरचे शिक्के आणि सगळे बोर्डिंग पास जपून ठेवा. पुढच्या शेंगेन अर्जाला आधीचा व्हिसा नियमानुसार वापरल्याचा पुरावा लागतो, आणि तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले असतील तर भारतीयांना दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो.